परदेशी अल्प मुक्काम आणि व्हिसा : धम्मयात्रींसाठी व विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास

आपल्या बीबी गावातून आणि लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या भागातून धम्मयात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही स्थळे आपल्याच देशात असल्याने तिकीट काढले की निघता येते. पण तथागतांचे जन्मस्थान लुम्बिनी हे नेपाळमध्ये आहे. पुढे श्रीलंका, थायलंड, भूतान येथे जाण्याची इच्छाही अनेकांच्या मनात असते. काहींची मुले परदेशात शिकतात वा नोकरी करतात, आणि आई-वडिलांना महिना-दोन महिने तिकडे बोलावतात. अशा वेळी 'व्हिसा लागतो का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवर दिले जाते. ऐकीव माहितीवर निघालेला माणूस सीमेवरून परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे परदेशात अडकतो. म्हणून या विषयाची मुद्देसूद मांडणी करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

थोडा इतिहास

परवानगीपत्राचा प्रश्न आजचा नाही. इ. स. ६२९ च्या सुमारास चिनी भिक्खू ह्युएन त्संग भारताकडे निघाले, तेव्हा चीनच्या सम्राटाने प्रजेला देशाबाहेर जाण्यास मनाई केली होती. त्यांना परवानगी मिळाली नाही; ते लपतछपत सीमेवरील चौक्या ओलांडून बाहेर पडले. पुढे तुर्फानजवळील गाओचांग राज्याच्या राजाने त्यांना वाटेतील चोवीस राज्यांच्या राजांना उद्देशून पत्रे लिहून दिली. या पत्रांच्या बळावर त्यांचा पुढचा प्रवास झाला. त्यांनी नालंदा येथे अध्ययन केले, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात ते महाराष्ट्रातही आले, आणि त्यांनी वर्णन केलेला डोंगरातील मोठा संघाराम म्हणजे अजिंठा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. इ. स. ६४५ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी आधी खोतानहून सम्राटाला पत्र पाठवून विनापरवानगी गेल्याबद्दल क्षमा मागितली व मगच राजधानीत प्रवेश केला.

या एका चरित्रात आजच्या दोन्ही कागदांचे मूळ दिसते. स्वतःच्या देशाने बाहेर जाऊ देणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्या देशाने आत येऊ देणे ही दुसरी गोष्ट. पहिलीसाठी पासपोर्ट म्हणजे पारपत्र आणि दुसरीसाठी व्हिसा म्हणजे प्रवेशाची परवानगी.

पहिल्या महायुद्धाच्या आधी जगाच्या बऱ्याच भागात कागदपत्रांची एवढी सक्ती नव्हती. युद्धकाळात ती आली आणि नंतर कायम झाली. आपल्याकडे १९२० साली त्यासंबंधी कायदा झाला, आणि स्वतंत्र भारतात १९६७ चा पारपत्र कायदा आला.

पासपोर्ट हा हक्क, व्हिसा ही परवानगी

१९६७ चा कायदा कसा आला हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. तोपर्यंत पासपोर्ट देणे न देणे हे सरकारच्या मर्जीवर होते. सतवंत सिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये निर्णय दिला की, परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात येते. त्यानंतर संसदेने त्याच वर्षी कायदा केला. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने सांगितले की, पासपोर्ट काढून घेण्याची पद्धतही न्याय्य व वाजवी असली पाहिजे. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या घटनेच्या एका अनुच्छेदातून आपल्या शेतमजुरालाही पासपोर्ट मागण्याचा हक्क मिळालेला आहे. तो कोणाची शिफारस मागत नाही.

व्हिसाचे मात्र तसे नाही. तो परक्या देशाचा अधिकार आहे. तो देश कारण न सांगताही व्हिसा नाकारू शकतो, भरलेली फी परत देत नाही, आणि व्हिसा हाती असतानाही विमानतळावरील अधिकारी प्रवेश नाकारू शकतो. हा फरक समजला म्हणजे अर्ज करताना कोठे आग्रह धरावा आणि कोठे नम्रपणे पुरावे द्यावेत हे समजते.

पासपोर्टसंबंधी थोडक्यात सांगायचे तर, आपला बुलडाणा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतो. प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. २०१७ पासून निवडक डाकघरांतही पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्याने पूर्वीसारखे हेलपाटे राहिले नाहीत. खरी अडचण नावाची येते. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. लग्न झालेल्या भगिनींच्या काही कागदांवर वडिलांचे नाव व काही कागदांवर पतीचे. बँकेच्या काउंटरवर ही तफावत आम्हाला रोज दिसते. ती आधी दुरुस्त करावी, मग अर्ज करावा. तसेच, पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी अशी अट बहुतेक देश घालतात. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करावे.

व्हिसाचे चार मार्ग

अल्प मुक्कामाच्या प्रवाशाला आत घेण्याच्या आज चार पद्धती आहेत.

१) व्हिसामुक्त प्रवेश : काही देशांच्या नागरिकांना ठराविक दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. पण पासपोर्ट, परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता हे विचारले जाऊ शकते.

२) आगमनानंतर व्हिसा : विमानतळावर किंवा नाक्यावर पोहोचल्यावर फी भरून मिळतो.

३) ई-व्हिसा किंवा पूर्वमंजुरी : घरून संगणकावर अर्ज करून निघण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो.

४) वकिलातीचा व्हिसा : कागदपत्रे, फोटो, पुष्कळदा बोटांचे ठसे आणि कधी मुलाखत देऊन पासपोर्टवर चिकटवला जातो.

यात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दोन शब्दांचा. व्हिसाची 'वैधता' म्हणजे तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल; आणि 'मुक्कामाची मुदत' म्हणजे आत गेल्यावर किती दिवस राहता येईल. समजा, व्हिसा १ जानेवारी ते ३१ मार्च वैध आहे आणि मुक्काम ३० दिवसांचा आहे. प्रवासी १० फेब्रुवारीला आत गेला, तर तो ३१ मार्चपर्यंत राहू शकत नाही; त्याचे तीस दिवस ११ मार्चलाच संपतात, कारण पोहोचल्याचा दिवसही धरला जातो. (फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला आहे.) एक दिवस जास्त झाला तरी दंड, आणि दिवस वाढले तर अटक, पुढील बंदी असे परिणाम होतात.

तिसरा शब्द 'प्रवेशसंख्या' हा आहे. एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल आणि मधेच त्या देशाच्या बाहेर पाऊल टाकले, तर तो व्हिसा संपला. याचे उदाहरण पुढे येईलच.

लुम्बिनी : आपल्याला मोकळी, पण कागद हवा

३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. या दोन देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. याचा अर्थ कागदच लागत नाही असा घेऊ नये. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड सर्वांना चालत नाही. १५ वर्षांखालील व ६५ वर्षांवरील व्यक्तींनाच ते चालते. १५ ते १८ वयोगटातील मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र चालते. बसने जाणाऱ्या आमच्या मंडळींनीही हेच कागद मूळ प्रतीसह जवळ ठेवावेत. मतदार ओळखपत्र गावाकडे कपाटात आणि आपण सोनौलीच्या नाक्यावर, असे होता कामा नये.

मार्ग बहुधा गोरखपूरवरून सोनौली, तेथून सीमेपलीकडे भैरहवा आणि पुढे लुम्बिनी असा असतो. भारतीय गाडी नेपाळमध्ये नेताना भन्सार कार्यालयात कर भरून पावती घ्यावी लागते व ती परतीपर्यंत जपावी लागते. पैशाबाबत एक सूचना : १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे कोणी कमी देत असेल तर घेऊ नये. नेपाळने २०१८ साली शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती आणि त्यानंतरही या नियमात फेरफार होत आले आहेत. म्हणून शंभर व त्याखालील नोटा नेणे केव्हाही बरे.

आता परदेशी यात्रेकरूचा विचार करू. जपान किंवा थायलंडचा उपासक बोधगयेला येतो व तेथून लुम्बिनीला जातो. नेपाळचा व्हिसा त्याला नाक्यावरच मिळतो. १५ दिवसांना ३० डॉलर, ३० दिवसांना ५० डॉलर अशी फी आहे. पण त्याच्याकडे भारताचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर श्रावस्ती आणि सारनाथ पाहण्यासाठी तो परत येऊ शकत नाही. शिवाय ई-व्हिसावर ठरवून दिलेल्या यादीतील प्रवेशद्वारांतूनच आत येता येते. म्हणून परतीचे नाके त्या यादीत आहे की नाही हे त्याने निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. तथागतांच्या जन्मस्थानाहून महापरिनिर्वाणस्थानी जाणारा रस्ता काही तासांचा आहे. पण त्यामध्ये एक सीमा उभी आहे हे विसरता येत नाही.

इतर बौद्ध देश

भूतान : भारतीयांना व्हिसा नाही, पण प्रवेशपरवाना लागतो. तो पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतो. २०२२ पासून भारतीय पर्यटकास दर रात्री १२०० रुपये शुल्क द्यावे लागते. खर्चाचा अंदाज काढताना ही रक्कम आधी धरावी.

श्रीलंका : १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब श्रीलंकेला गेले होते. आज तेथे अल्प मुक्कामासाठी २०१२ पासून संगणकीय पूर्वमंजुरीची पद्धत आहे आणि ती साधारणतः ३० दिवसांची असते. फीमध्ये वेळोवेळी सूट व बदल होतात.

थायलंड : नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश देण्यात आला व जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवस करण्यात आली. अशा सवलती तेथील सरकार केव्हाही कमी-जास्त करते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहावा. १ मे २०२५ पासून आगमनाचा तक्ता संगणकावर आधी भरणे सक्तीचे झाले आहे. तो विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारा माणूस फसवतो आहे असे समजावे.

म्यानमार : १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर तेथील परिस्थिती अस्थिर आहे. केवळ व्हिसा मिळतो म्हणून यात्रा सुरक्षित ठरत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहूनच निर्णय घ्यावा.

मुलांकडे जाणारे आई-वडील

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब शिक्षणकाळात राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले व नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ते पाहण्याची इच्छा असणाऱ्यास ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा लागतो. त्यावर सामान्यपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. युरोपातील २९ देशांचा मिळून शेंगेन नावाचा एकच व्हिसा आहे. ब्रिटन त्यात नाही. शेंगेनचा नियम असा की, कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येते. कोणी ६० दिवस राहून परत आला आणि महिन्याभराने पुन्हा गेला, तर त्याला नवे ९० दिवस मिळत नाहीत; उरलेले ३० दिवसच मिळतात. तीस हजार युरोचा आरोग्यविमाही सक्तीचा आहे.

या व्हिसांसाठी बँकेच्या खात्याचा उतारा मागतात. येथे आमच्या व्यवसायातील अनुभव सांगणे उपयोगी होईल. पुष्कळ लोक अर्जाच्या आठवड्यात नातेवाईकांकडून उसनी रक्कम आणून खात्यात भरतात. उतारा पाहणारा अधिकारी फक्त शेवटची शिल्लक पाहत नाही. मागील महिन्यांत पगार, निवृत्तिवेतन, शेतमालाचे पैसे कसे आले आणि कसे खर्च झाले हे पाहतो. एकदम आलेली मोठी रक्कम उलट संशय निर्माण करते. खर्च मुलगा करणार असेल तर तसे पत्र, त्याच्या पगाराची स्लिप व राहण्याचा पत्ता सरळ जोडावा. आणि आपण परत येणार याचा पुरावा म्हणून शेतीचा सातबारा, नोकरीतील रजेचा मंजुरी आदेश किंवा निवृत्तिवेतनाचा आदेश जोडावा. कागद थोडा पण खरा असावा. खोटा कागद एकदा उघडकीस आला तर पुढचे दरवाजेही बंद होतात.

नोकरीच्या आमिषापासून सावध

हा मुद्दा आम्ही विशेषकरून तरुण वाचकांसाठी लिहीत आहोत. पर्यटक व्हिसावर किंवा व्हिसामुक्त प्रवेशावर परदेशात नोकरी करता येत नाही. 'आधी फिरायच्या व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ' असे सांगणारा दलाल प्रथम कायदा मोडायला लावतो आणि मग त्याच कायद्याची भीती दाखवून गप्प बसवतो. संगणकावरील नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक लोकांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले. ही मुलेही आपल्यासारख्याच घरांतील होती.

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्यास १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी आवश्यक केली आहे. दलालाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टची 'ई. सी. आर.' अशी नोंद असते. काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे अडथळा नसून संरक्षण आहे. ती चुकवण्यासाठी फिरायचा व्हिसा दाखवणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे.

आपल्याकडे येणारे पाहुणे

लोणारचे सरोवर पाहण्यासाठी परदेशी अभ्यासक व प्रवासी आपल्या तालुक्यात येतात. नागपूरची दीक्षाभूमी, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि अजिंठा येथेही त्यांची ये-जा असते. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात येण्यास व्हिसा लागत नाही. इतर बहुतेकांना लागतो. नोव्हेंबर २०१४ पासून भारताने संगणकीय व्हिसाची सोय सुरू केली. त्यात ३० दिवस, एक वर्ष व पाच वर्षे असे पर्यटक व्हिसाचे प्रकार आहेत.

यजमान म्हणून आपल्या संस्थांनी दोन गोष्टी पाळल्या पाहिजेत. पहिली : परदेशी पाहुणा हॉटेल, धर्मशाळा, विहारातील खोली किंवा कोणाच्या घरी मुक्कामाला राहिला, तर यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती शासनाकडे ऑनलाइन नोंदवायची असते. 'सी फॉर्म' या नावाने ही नोंद अनेक वर्षे ओळखली जाते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी यजमानाची ही जबाबदारी कायम आहे.

दुसरी : पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याने विहारात येऊन वंदना करणे, प्रवचन ऐकणे यास हरकत नाही. परंतु धर्मस्थळी भाषणे देणे, धार्मिक विचारांचा प्रचार करणे, त्यासंबंधी पत्रके वाटणे याची मुभा त्या व्हिसावर नसते. परिषदेसाठी वेगळा व्हिसा आहे. उत्साहाच्या भरात आपण पाहुण्या भन्तेजींना व्यासपीठावर बसवतो, निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव छापतो, आणि चौकशी आली की त्रास त्यांना होतो. म्हणून निमंत्रण देतानाच कार्यक्रमाचे स्वरूप स्पष्ट लिहून, योग्य व्हिसा घेऊन येण्यास कळवावे. नागपूरच्या धम्मकार्यात आयुष्य वेचलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे मूळचे जपानचे. त्यांनी १९८७ साली भारताचे नागरिकत्व घेतले. कायमचे काम करायचे तर कायदेशीर पायाही कायमचा लागतो, हे त्यातून दिसते.

निघण्यापूर्वी पडताळून पाहावयाच्या गोष्टी

१) पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक आहे काय?
२) व्हिसाची वैधता, मुक्कामाचे दिवस व प्रवेशसंख्या या तीन नोंदी स्वतः वाचल्या काय?
३) नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे काय?
४) माहिती त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा सरकारी संकेतस्थळावरून घेतली काय?
५) सर्व कागदांच्या झेरॉक्स प्रती वेगळ्या पिशवीत आणि एक संच घरी ठेवला काय?
६) भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला काय?
७) पासपोर्ट स्वतःच्याच ताब्यात आहे काय? तो यात्रा-व्यवस्थापकाकडे वा मालकाकडे ठेवायला देऊ नये.

समारोप

ह्युएन त्संग यांना सीमेवरच्या चौक्या रात्रीच्या अंधारात ओलांडाव्या लागल्या. आपल्यावर ती वेळ नाही. घटनेने पासपोर्टचा हक्क दिला आहे आणि बहुतेक देशांचे नियम आज घरबसल्या वाचता येतात. ते वाचण्याची सवय मात्र आपणच लावून घेतली पाहिजे. प्रत्येक गावातील शिकलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी यात्रेला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांचे कागद एकदा नजरेखालून घातले, आणि कोणी तरुण 'फिरायच्या व्हिसावर' नोकरीला निघाला असेल तर त्याला वेळीच थांबवले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.